नवी चूल आणि सासूबाई

आमच्याकडे गॅस आहे, तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सासूबाईंचा खोकला काही थांबेना, म्हणून गेल्या दिवाळीनंतर दोन वैलांची, धुराडं असलेली निर्धूर चूल बसवून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एकाच वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. हा आकडा सांगितला तर म्हणाल्या, "मग मी कशी अजून आहे?"

खरी परीक्षा पुढेच होती. गॅसचं बटण फिरवलं की जाळ कमी. इथे लाकूड मागं-पुढं सरकवावं लागतं. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे आपण वर्गात मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून दाखवतो. इथे रोजच तो प्रयोग! धुराड्यातली गरम हवा हलकी, ती वर चढते नि चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. तोंड लाकडांनी गच्च भरलं की हवा अडते आणि धूर उलटा घरात. सासूबाईंची जुनी सवय नेमकी तीच, सरपण कोंबायचं नि फुंकणी घ्यायची. मागच्या वैलावर भांडं नसेल तर झाकण हवंच. ओल्या लाकडाची काही धग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, म्हणून यंदा सरपण मेमध्येच माळ्यावर चढवलं. धुराड्यातली काजळी काढायचं काम मात्र ह्यांच्याकडे.

परवा त्या शेजारणीला सांगत होत्या, "दोनच लाकडं घाल गं, वारा जाऊ दे आत." खोकला कमी झालाय, गेलेला नाही. नव्या चुलीवर भाकरी तशी फुगत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तर फरक कळत नाही.