१२० दिवसांचा हिशेब

गर्भात गंभीर दोष असल्याचे निदान होते, तेव्हा घरातली सून किंवा लेक फारसे बोलत नाही. ती वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहते. आम्हा मुसलमानांच्या घरात त्या वेळी पहिला प्रश्न उमटतो, ‘शरियत काय सांगते?’ कोकणातील प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून दीर्घकाळ काम केल्यावर मला वाटते, की या प्रश्नाचे उत्तर आपण ज्येष्ठांनी आधीच समजून घ्यावे. कारण ऐन वेळी दिवस फार थोडे उरलेले असतात.

इस्लाम जीवनाला अल्लाहची अमानत मानतो. त्यामुळे गर्भपात ही सहज करण्याची गोष्ट नव्हे. मात्र हदीसच्या आधारे बहुसंख्य विद्वान असे मानत आले, की गर्भधारणेपासून १२० दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते. त्यापूर्वी सबळ कारण असल्यास अनेक हनफी विद्वानांनी मुभा दिली; मालिकी परंपरा आरंभापासूनच कठोर राहिली; कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे, तिच्यात दोन्ही मते आढळतात. मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेने १९९० मध्ये निर्णय दिला : १२० दिवसांपूर्वी, गर्भातील दोष गंभीर व असाध्य असल्याचे विश्वासू तज्ज्ञांच्या समितीने सिद्ध केल्यास, आईवडिलांच्या विनंतीवरून गर्भपात करता येईल, त्यानंतर केवळ आईच्या जिवाला धोका असेल तरच.

आता हिशेबाकडे लक्ष द्या. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे १२० दिवस डॉक्टरांच्या मोजणीत सुमारे एकोणीस आठवडे होतात. गर्भातील व्यंगे तपासणारी सोनोग्राफी बहुधा अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानच होते. निदान हाती येते ते नेमके उंबरठ्यावर!

माझ्या एका भाचीला अठराव्या आठवड्यात कळले, की बाळाची दोन्ही मूत्रपिंडे तयारच झालेली नाहीत. अशा बाळाची फुप्फुसे वाढत नाहीत व ते जन्मानंतर जगत नाही. घरात कुणी म्हणाले, “जुम्म्यापर्यंत थांबू.” तिच्या सासूबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा लेखी अहवाल घेऊन मुफ्तीसाहेबांचे घर गाठले. त्यांनी अहवाल वाचला, दिवस मोजले, परवानगी असल्याचे सांगितले आणि म्हणाले, “निर्णय मुलीला घेऊ द्या.” भाचीने तो पतीसह घेतला. पुढे सासूबाईंनी तिचे बाळंतपण केले, तसेच, जसे बाळ पाळण्यात असते तर केले असते. वर्षभर त्या घरात कुणी टोमणा मारला नाही.

दुसरी एक सून गर्भ वाढवण्याचे ठरवते, हेही मी पाहिले आहे. तिलाही आपला आधार हवा असतो. ‘तेव्हाच ऐकले असतेस तर’ हे वाक्य नको असते.

देशाचा कायदाही ठाऊक असावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे लागते. गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. संमती सज्ञान स्त्रीचीच लागते. पतीची वा सासूसासऱ्यांची नव्हे. कायद्याची मुदत व शरियतची मुदत वेगवेगळ्या आहेत, हे विसरू नका.

म्हणून आपल्याला विनंती : घरात गर्भवती असेल तर तिची सोनोग्राफी पुढे ढकलू देऊ नका. थॅलेसेमियासारखा आजार घराण्यात असेल तर पतिपत्नींची रक्ततपासणी गर्भधारणेपूर्वीच करून घ्या. मुफ्तींकडे जाताना ऐकीव माहितीऐवजी लेखी अहवाल न्या व आठवडे कोणत्या दिवसापासून मोजले आहेत ते सांगा. आणि चार महिन्यांनंतर गर्भ गेला तर त्याचे दफन सन्मानाने करा. त्या आईला दुःख करण्याची मोकळीक द्या. फतवा विद्वान देतील, उपचार डॉक्टर करतील. तिच्या उशाशी बसण्याचे काम मात्र आपलेच आहे.