काळी बाहुली पुढे सरकवताना

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका पाळणाघरात एक लहानशी कृष्णवर्णीय मुलगी टेबलापाशी बसली आहे. समोर दोन बाहुल्या आहेत. एक गोरी, एक काळी. वाईट बाहुली कोणती, असे विचारल्यावर ती काळी बाहुली दाखवते. का वाईट? काळी आहे म्हणून. चांगली कोणती? गोरी. आणि शेवटी, यांतली तुझ्यासारखी कोणती दिसते? मुलीचा हात क्षणभर घुटमळतो. मग ती काळी बाहुली जराशी पुढे सरकवते.

'अ गर्ल लाइक मी' हा अवघ्या सात मिनिटांचा माहितीपट किरी डेव्हिस हिने २००५ साली केला, तेव्हा ती हायस्कुलात शिकत होती. आरंभी तिच्याच वयाच्या मुली केसांविषयी, कातडीच्या छटांविषयी, रंग उजळवण्याच्या खटाटोपांविषयी बोलतात. नंतर बाहुल्यांचा प्रयोग येतो. एकवीस मुलांपैकी पंधरांनी गोरी बाहुली पसंत केली. हा प्रयोग किरीचा नव्हे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तो १९४० च्या आगेमागे केला होता. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालपत्राच्या एका तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा हवाला होता. निकालाला पन्नास वर्षे उलटून गेल्यावर एका शाळकरी मुलीने त्या बाहुल्या पुन्हा टेबलावर मांडल्या. योगायोग असा, की केनेथ क्लार्क यांचे निधनही त्याच वर्षी, २००५ च्या मे महिन्यात झाले.

आम्ही दोघी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. एम. ए. च्या वर्गात दलित साहित्य शिकवताना हार्लेमचे नाव येतेच. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारीच हार्लेम. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली मुंबईत निघालेल्या संघटनेने 'पँथर' हे नाव तिकडूनच घेतले, हे सारे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत आणि मुले ते वर्षानुवर्षे वहीत उतरवून घेत आली आहेत. यंदा वाटले, या वेळी काही लिहून देऊ नये, नुसते दाखवावे.

फिल्म संपल्यावर पदवीला संख्याशास्त्र घेतलेल्या एका मुलाने पहिला प्रश्न केला, "मॅडम, एकवीसच मुलं?" प्रश्न रास्त होता. खुद्द क्लार्क दांपत्याच्या प्रयोगावरही असे आक्षेप घेतले गेले. उत्तरेकडच्या, सरमिसळ शाळांतील मुलांचा गोऱ्या बाहुलीकडे ओढा दक्षिणेतल्या मुलांपेक्षा किंचित अधिकच आढळला होता, आणि वेगळ्या शाळांची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी त्यावर बोट ठेवले होते. आम्ही हे सगळे सांगितले. त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

आम्ही तुलनेसाठी आणखी एक उदाहरण दिले. मिसिसिपीत १९६४ साली कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला. चाळीस वर्षांनी इलिनॉयमधील हायस्कूलच्या तीन विद्यार्थिनींनी शिक्षकांच्या मदतीने त्यावर माहितीपट केला. पत्रकार जेरी मिचेल आणि मृतांचे नातलग दीर्घकाळ लढत होतेच; खटला पुन्हा उभा राहावा या मागणीत या मुलींनी आपला आवाज मिसळला. २१ जून २००५ रोजी, खुनांना बरोबर एकेचाळीस वर्षे पूर्ण होताना, एडगर रे किलन दोषी ठरला. यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "त्या फिल्ममध्ये आरोपी होता. हिच्यात कोणाला पकडायचं?"

पुढच्या आठवड्यात मुले बेत घेऊनच आली. कॉलेजमागच्या अंगणवाडीत दोन बाहुल्या घेऊन जायचे, मोबाइलवर चित्रण करायचे. आम्ही नकार दिला. परवानग्या, पालक, प्राचार्य, अशी कारणे पुढे केली. ती खोटी नव्हती, पण खरे कारण वेगळे होते. शेवटचा प्रश्न ऐकून काही मुले रडत खोलीबाहेर पळाली, असे केनेथ क्लार्क यांनीच पुढे सांगितले आहे. ज्या प्रश्नाने प्रश्नकर्त्यालाच अस्वस्थ केले, तो चार वर्षांच्या पोराला विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आम्हा दोघींत यावर वाद झाला. एकीचे म्हणणे, क्लार्कनी विचारला नसता तर न्यायालयापुढे काय ठेवले असते? दुसरीचे म्हणणे, न्यायालयाला पुरावा मिळाला, पण त्या पोराला काय मिळाले? हा वाद अजून मिटलेला नाही.

मागच्या बाकावरची तीच मुलगी मग म्हणाली, "हा प्रश्न आम्हांला रोजच विचारतात, मॅडम. फक्त बाहुल्या नसतात."

मग मुलांनी परस्परच मार्ग काढला. अंगणवाडीत न जाता वर्गातच मोबाइल उभा केला. घरात, शेजारात, लग्नघरात आपल्या रंगावरून ऐकलेले एक वाक्य प्रत्येकाने कॅमेऱ्यापुढे सांगायचे. 'काळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' 'सावळा आहे, पण नोकरी चांगली.' आम्ही उभयान्वयी अव्यये इतकी वर्षे शिकवली. या 'पण'चे एवढे काम कधी लक्षात आले नव्हते. एका मुलाने मात्र सांगितले, "मी गोरा आहे. मला सगळे म्हणतात, वाटत नाही हो तुमच्यातला." वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. वर्ण आणि जात यांची गल्लत करू नये, हे आम्ही बजावत असतो. या एका वाक्यात दोन्ही एकमेकांत कसे गुंतले होते, ते सोडवून दाखवणे त्या दिवशी आम्हांला जमले नाही.

२०२० साली अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शने पेटली, तेव्हा आपल्याकडच्या एका प्रसिद्ध क्रीमने नावातला 'फेअर' वगळला. डबी तीच राहिली. वधूवरसूचक मंडळाच्या अर्जातला 'वर्ण' हा रकानाही आमच्या गावात अजून आहे.

तो रकाना आमच्यापैकी एकीने दोन वर्षांपूर्वी आपल्या भाचीसाठी भरला होता. बहिणीने 'सावळा' लिहिले होते. हिने ते खोडून 'गव्हाळ' केले. भाची शेजारीच बसली होती. काही बोलली नाही. फोटो कोणता लावायचा, एवढेच तिने विचारले.

शेवटचे वाक्य झाल्यावर मुलांनी मोबाइल आमच्याकडे वळवला. "मॅडम, तुम्हांला काय म्हणायचे, ते सांगा ना." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आम्हांला जे म्हटले गेले, ते सांगणे सोपे होते, आणि एकीने ते सांगितलेही: लहानपणी आजी साय-हळद चोळता चोळता काय पुटपुटे ते. दुसरी बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी ऐकलेलं नको. मी लिहिलेलं सांगते." आणि तिने तो अर्ज सांगितला.

फिल्म सहा मिनिटांची झाली आहे. वर्गाबाहेर दाखवायची की नाही, हे मुलांनी अजून ठरवलेले नाही. भाचीला मात्र ती पाठवली आहे.