सीडी४०: पेशीच्या उंबऱ्यावरचा निरोप्या

सीडी४० या प्रथिनाचा संसार मोठा नाही. मॅक्रोफेज या भक्षक पेशीच्या पटलात रुतून बसायचं, थोडं अंग बाहेर, थोडं आत. बाहेरचा निरोप आत पोचवायचा, हाच त्याचा धंदा.

निरोप मात्र जिवाचा असतो. वाळूमाशी चावली की लीशमानिया हा परजीवी शरीरात शिरतो आणि जी पेशी त्याला गिळते तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग टी-पेशी ही दुसरी रोगप्रतिकारक पेशी येऊन सीडी४०चा हात धरते. त्याने आत वर्दी दिली की मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड बनवतो आणि परजीवी मरतो. सीडी४० नसलेले उंदीर लीशमानियापुढे टिकत नाहीत, हे १९९६ साली दिसलं होतं.

म्हणजे गडी भरवशाचा. पण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भास्कर साहा आणि सहकाऱ्यांना २००४ साली त्याचं दुसरं रूप सापडलं. इशारा जोरदार असेल तर तो पेशीतल्या पी३८ या प्रथिनाला उठवतो आणि इंटरल्यूकिन-१२ हा संदेश-रेणू सुटतो, लढा पेटतो. इशारा क्षीण असेल तर ईआरके हे दुसरं प्रथिन जागं होतं आणि इंटरल्यूकिन-१० सुटतं. ते पेशीला थंड करतं, परजीवीच्या पथ्यावर पडतं. लीशमानिया सीडी४०ला याच दुसऱ्या वाटेला लावतो.

त्याला फितूर म्हणायला मी तयार नाही. २००९ साली याच गटाने दाखवलं की सगळी गोम पायाखालच्या जमिनीत आहे. पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असेल तर सीडी४०भोवती पी३८कडे नेणारे सोबती जमतात. परजीवीने ते कमी केलं की ईआरकेकडे नेणारे. जागेने वागणं बदलतं, हे माणसांतही दिसतं. कोसबाडला शिक्षिका अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. गुरांमागे जावं लागल्याने वर्गात न येणारं पोर तिथे शिकायचं. पोर तेच, जागा बदललेली. सीडी४०चंही अगदी तसंच आहे, म्हणून त्याच्या वागण्याचा दोष एकट्या त्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

आणि बिघडलेली वाट परत वळवता येते. २००४च्या त्या प्रयोगांत ईआरकेला रोखलं, किंवा इंटरल्यूकिन-१० निष्प्रभ केलं, तेव्हा पी३८ पुन्हा जागं झालं. लीशमानियाला हमखास बळी पडणाऱ्या बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या उंदरांतही परजीवी मरू लागले. सीडी४० तोच होता, कुणी बदलला नव्हता.