वेस्पच्या फाटकापाशी

ॲमस्टरडॅमला गेलो तो भाच्याकडे. कालवे पाहिले, रेम्ब्रांटची चित्रे पाहिली, आणि प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करून हळहळण्याचे कर्तव्यही यथासांग पार पाडले. मग एके सकाळी भाचा म्हणाला, "मामा, आज वेस्पला जाऊ. आजीसाठी."

आजी म्हणजे माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. तिचे विसरणे आम्ही पचवले होते. पचत नव्हती ती तिन्हीसांज. दिवे लागले की आई गाठोडे बांधी आणि "वाईला जाते" म्हणून दाराशी येई. वाईचे तिचे माहेर विकून तीस वर्षे झाली. समजावून सांगण्यावर माझे पोट! मी रोज समजावी, ती रोज चिडे, शेवटी मी कुलूप लावी. एकदा दारावर मुठी आपटून तिने हात सुजवून घेतले. मग गुंगीचे औषध आणले. आई शांत झाली. इतकी, की घास तोंडात धरून झोपू लागली.

गाडीत भाच्याने जर्मनीतली हकिकत सांगितली. ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमाबाहेर २००८ साली बसचा खोटा थांबा उभारला. घरी निघालेले आजी-आजोबा तिथे बसतात. बस कधीच येत नाही, आणि थोड्या वेळाने निघाल्याचेच विसरतात. मला हे रुचले नाही. आईला फसवायचे?

वेस्प हे फेख्त नदीकाठचे टुमदार गाव. तिथे 'होखेवेक' ही वसाहत २००९ साली पुरी झाली. सत्तावीस घरे, एकेका घरात सहा-सात जण, सारे स्मृतिभ्रंशाचे. आत रस्ते, झाडे, वाणसामानाचे दुकान, नाट्यगृह. उपाहारगृह तर बाहेरच्यांनाही खुले. परिचारिकांना गणवेश नाही. रस्ते असे, की कितीही चाला, बाहेर जाणारे दार एकच. (खर्च बहुतांशी दीर्घ शुश्रूषेच्या सरकारी विम्यातून. इथे मी गुणाकार सोडून दिला.)

आम्ही फाटकापाशी असताना कोट घातलेली, पर्स घेतलेली एक म्हातारी आली आणि दार ढकलू लागली. माझ्या पोटात गोळा आला. मेजामागची बाई उठली, काहीतरी बोलली आणि तिच्या हातात हात घालून चालू लागली. भाच्याने सांगितले, "म्हणाली, हे दार बंद आहे, आपण दुसरीकडून जाऊ." 'तुमचे घर आता नाही' असे कुणी म्हटले नाही. दोघी झाडांखालून दूर गेल्या. मला आमचे कुलूप आठवले.

पुण्यास परतल्यावर नवे डॉक्टर गाठले. त्यांनी प्रथम आईचे गुडघे दाबून पाहिले. ती कळवळली. दुखते हे सांगायचे शब्दच जिथे हरवतात, तिथे दुखणे चिडण्यातून बोलते, असे ते म्हणाले. नॉर्वेतील अठरा शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांवर झालेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. वेदनेवर पद्धतशीर उपचार, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत अस्वस्थता सतरा टक्क्यांनी घटली. बद्धकोष्ठ, लघवीचा दाह, तहान, गोंगाट यांचाही शोध आधी घ्यायचा. गुंगीची औषधे त्यानंतर, थोडी आणि थोड्या दिवसांपुरती. मनोविकारावरच्या ज्या गोळ्या अशा वेळी देतात, त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. २०२३ मध्ये ब्रेक्सपिप्राझोलला खास याच अस्वस्थतेसाठी तिथे मान्यता मिळाली, तीही त्या इशाऱ्यासकट.

आईची गुंगी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवली. गुडघ्यांसाठी वेळच्या वेळी गोळी सुरू झाली. चमत्कार झाला नाही. कधीकधी अजून ती माझ्यावर हात उगारते. पण तिन्हीसांजेच्या आधीच मी चपला घालतो, तिचे गाठोडे काखेत मारतो आणि म्हणतो, "चल आई." पेठेतून हळूहळू ओंकारेश्वरापर्यंत जायचे, थोडे टेकायचे, परत यायचे.

परवा ती मुठेकडे बराच वेळ पाहत होती.

"कृष्णेचं पाणी कमी झालंय रे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"आता चल, अंधार पडला. घरी वाट पाहत असतील."