देव कधी गोष्टीतले होतात?

अस्वान, शुक्रवार

ती. आईस शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. सकाळ-संध्याकाळ शाल लागते, दुपारी मात्र ऊन चांगलंच तापतं. जेवणाची आबाळ नाही. इथे बेसनासारख्या रंगाची मसुरीची आमटी मिळते, वर लिंबू पिळतात. तुला आवडली असती.

निघायच्या आदल्या दिवशी ऐन आरतीत धाकट्यानं विचारलं होतं ना, की इजिप्तचे देव जर नुसते गोष्टीतले, तर आपला गणपती गोष्टीतला का नाही? तू त्याला म्हणालीस, "मावशी चाललीच आहे तिकडे, बघून येईल आणि सांगेल." तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. आज फिलीला जाऊन आले, म्हणून आधी तिथलं लिहिते.

फिली हे आयसिस देवीचं क्षेत्र, नाईलमधल्या बेटावरचं. घाटावरून मोटारबोटीनं जायचं. बोटवाले न्युबियन, उंच आणि शांत. खरं तर देवळाचं मूळचं बेट आज पाण्याखाली आहे. 1902 साली अस्वानचं पहिलं धरण झालं आणि देऊळ वर्षातले कित्येक महिने बुडू लागलं. खांबांवरचे रंग त्या पाण्यानं धुऊन नेले. मोठं धरण झाल्यावर ते कायमचंच गेलं असतं, म्हणून 1972 ते 1980 या काळात एकेक चिरा सोडवून शेजारच्या आगिल्किया बेटावर सगळं पुन्हा उभारलं. चिरे होते चाळीस हजारांच्या आसपास.

पण मी तिथे गेले ती एका भिंतीसाठी. हेड्रियन बादशहाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दरवाजात मांडुलिस या न्युबियन देवाचं चित्र कोरलेलं आहे. रेषा काहीशी कच्ची, हात बसलेला नाही. त्याच्याजवळ चित्रलिपीतला छोटासा मजकूर आहे. कोरणाऱ्याचं नाव एस्मेट-अखोम, आयसिसचा दुसरा पुजारी. त्याच्या बापाचं नावही एस्मेट, तोही याच देवीचा पुजारी. हे कायम राहो, असं मागणं त्यानं शेवटी मागितलंय. तारीख निघते 24 ऑगस्ट 394. तीन हजारांहून अधिक वर्षं चाललेल्या त्या लिपीतला आपल्याला माहीत असलेला हा शेवटचा लेख. लोकांच्या वापरातल्या सुट्या लिपीत याच बेटावर 452 सालापर्यंत कुणी ना कुणी लिहीत राहिलं, मग तेही थांबलं.

मी त्या दरवाजात बराच वेळ उभी होते. एस्मेटनं हे कोरलं तेव्हा देवळं बंद करण्याचे थिओडोशियस बादशहाचे हुकूम निघून दोन-तीन वर्षं झाली होती. फिली पडलं सरहद्दीवर. दक्षिणेकडचे ब्लेमी लोक देवीचे कडवे भक्त, आणि त्यांच्याशी रोमला भांडण नको होतं. तहात त्यांनी अटच घातली होती, की आम्हाला देवीच्या दर्शनाला येऊ द्यायचं आणि तिची मूर्ती काही काळ आमच्या मुलखात नेऊ द्यायची. म्हणून हे एक देऊळ वाचलं. पुढे जस्टिनियन बादशहाच्या काळात, 535 ते 537च्या सुमारास, नार्सेस नावाच्या सेनापतीनं पुजाऱ्यांना कैद केलं आणि मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला धाडल्या. बिशपनं पुढच्या मंडपात सेंट स्टीफनचं चर्च केलं. खांबांवर कोरलेले क्रूस अजून स्वच्छ दिसतात, आणि कितीतरी देवांचे चेहरे छिन्नीनं खरवडलेले आहेत.

आई, मला वाटायचं की लोकांचा विश्वास उडतो आणि धर्म मरतो. इथे तसं दिसत नाही. नार्सेस आला तोपर्यंत बाकीची देवळं केव्हाच ओस पडली होती, कारण त्यांचं उत्पन्न तुटलं होतं. रोमन अमलात देवस्थानांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, नेमणुका आटल्या, उत्सव बारीक होत गेले, पुजाऱ्याच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. देवावर कुणी रुसलं नव्हतं. दिव्याला तेल घालायला माणूस उरला नाही. एस्मेटच्या घराण्यानं ते काम शेवटपर्यंत केलं, म्हणून तो मला आपल्या गावच्या गुरवाइतका जवळचा वाटला.


एडफू, बोटीवरून

ती. आई,

बोटीनं रात्रभर प्रवास करून इथे आलो. इथलं होरसचं देऊळ इतकं शाबूत आहे की छपरासकट उभं आहे. त्याला कारण वाळू. शतकानुशतकं ते वाळूत गाडलेलं होतं, माथ्यावर लोकांची घरं होती. एकोणिसाव्या शतकात मारिएत नावाच्या फ्रेंच माणसानं ते उकरून काढलं.

तुला सांगायचंय ते इथल्या नित्यपूजेबद्दल. देवळांच्या भिंतींवर ती पायरीपायरीनं कोरलेली आहे. उजाडण्याआधी पुजारी तलावात स्नान करायचा. डोकं भादरलेलं, अंगावर तागाचं धूतवस्त्र. मग गाभाऱ्यावरची आदल्या दिवशीची मातीची मोहोर फोडायची, अडसर काढायचा, दार उघडायचं आणि देवासमोर लोटांगण घालायचं. शिळं वस्त्र, शिळं तेल काढून घ्यायचं, धूप दाखवायचा, पाणी शिंपडायचं, मग पांढरं, हिरवं, तांबडं अशी वस्त्रं चढवायची. करंगळीनं सुगंधी तेल लावायचं. नैवेद्य दाखवायचा. देवाचं झालं की ते ताट धाकट्या देवांपुढे जायचं, मग पुजाऱ्यांमध्ये वाटलं जायचं. निघताना पुजारी उलट्या पावली मागे सरत जमिनीवरचे स्वतःच्या पायांचे ठसे केरसुणीनं पुसून टाकायचा. दार लावून पुन्हा मोहोर. पुजाऱ्यांच्या तुकड्या होत्या, त्यांच्या महिन्याच्या पाळ्या लागायच्या.

पंढरपूरच्या काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत जे चालतं, ते डोळ्यांपुढे आण. आषाढीत विठोबाचा पलंग काढतात, यात्राभर देव निजत नाही, आणि नंतर प्रक्षाळपूजेत त्याचा शिणवटा घालवतात. हे सगळं तुला तोंडपाठ, त्यामुळे त्या करंगळीतल्या तेलाचं तुला नवल वाटणार नाही. मला वाटलं. गाभाऱ्यात काळसर ग्रॅनाइटचा एकसंध देव्हारा अजून उभा आहे, नेक्टानेबो दुसरा या राजानं घडवलेला, चकचकीत घोटलेला. आत मूर्ती नाही. त्यापुढे हल्लीच्या काळात केलेली लाकडी पालखी-नाव ठेवली आहे. लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. आयसिस आणि ऑसायरिसची जी सलग कथा आपण पुस्तकांत वाचतो, भावानं भावाला मारणं, तुकडे करणं, बायकोनं ते वेचून काढणं, ती तशी आदिअंतासकट इथल्या कुठल्याच भिंतीवर नाही. इथे सगळे उल्लेख तुटक. सलग गोष्ट लिहिली ती प्लूटार्क नावाच्या ग्रीकानं, देवळं नांदती असताना, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. घरच्यांना गोष्ट सांगायची गरज नसते, त्यांना उद्याच्या पूजेची तयारी करायची असते. गोष्ट सांगतो तो पाहुणा. आपल्याकडेही 1882 साली विल्किन्स या मिशनऱ्यानं हिंदू मिथॉलॉजी या नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, ते आजही छापलं जातं. त्या वर्षी पंढरीची वारी काही थांबली नव्हती. म्हणजे धाकट्याला अर्धं उत्तर असं देता येईल, की दाराबाहेर उभं राहून पाहिलं तर कुठलाही देव गोष्टीतलाच दिसतो, त्यासाठी धर्म मरावा लागत नाही.


लक्सर

ती. आई,

कालपासून वारं सुटलंय, डोळ्यांत धूळ जाते. फेलुका म्हणजे शिडाची होडी चालवणारा म्हातारा म्हणाला, "अमशीर आहे, असंच चालायचं." अमशीर हा कॉप्टिक पंचांगातला महिना. शेतकरी मुसलमान असो की ख्रिस्ती, पेरणी-कापणीला हेच जुने महिने मोजतो. पहिला महिना तूत, तो थोथ देवाच्या नावाचा. गव्हाच्या पेरणीचा हतूर, तो हाथोर देवीचा. देवी गेली, महिना तिच्याच नावानं येतो.

लक्सरच्या देवळात अबू अल-हग्गाग या अवलियाची मशीद आहे, तेराव्या शतकातली. तेव्हा देऊळ मातीनं भरलेलं होतं, मशीद त्या भरावावर बांधली. आता खालची माती काढल्यामुळे तिचं जुनं दार रामसेस राजाच्या अंगणात कित्येक हात उंचावर लोंबकळतं. आत नमाज चालतो. मी गेले तेव्हा बांग झाली आणि ती खांबांमधून घुमत होती. त्याच देवळात रोमन छावणीचं दालन आहे, चर्चचे अवशेषही आहेत. चौतीस शतकांत ही जागा प्रार्थनेवाचून फारशी राहिलेलीच नाही.

अवलियाच्या उरुसात गावातून होड्या ओढत मिरवतात. देवळाच्या भिंतीवर तूतानखामून राजाच्या काळात कोरलेली ओपेट उत्सवाची मिरवणूक आहे, आमून, मूत आणि खोन्सू या देवतांच्या नावा कर्नाकहून लक्सरला आणतानाची. दोन्हींचा सांधा आहे की नाही यावर जाणकारांचं एकमत नाही. मला विचारशील तर आहे. हौस आणि वाट ही धर्मापेक्षा चिवट असतात.


केना

ती. आई,

हे पत्र देंडेराहून परतल्यावर लिहितेय. हाथोरचं देऊळ. गाईचे कान असलेली देवी, प्रत्येक खांबाच्या माथ्यावर तिचे चार चेहरे. बहुतेक चेहरे फोडलेले आहेत, कान मात्र राहिलेत. छताचा काजळीचा थर हल्ली साफ केला, खालून निळा रंग निघाला. मान दुखेपर्यंत पाहत राहिले.

या देवळाचा आपल्या मुलखाशी एक धागा आहे. 1801 साली नेपोलियनच्या फौजेला हुसकायला इंग्रजांनी जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून फौज पाठवली. तीत मुंबईच्या पायदळाचे शिपाई होते. तांबड्या समुद्रावर कोसेरला उतरून, वाळवंट तुडवत ते इथे, केनाला, नाईलवर आले. नदीपलीकडे हे देऊळ. त्याआधी दोनच वर्षं फ्रेंच पंडितांनी त्याची मापं घेतली होती, छतावर कोरलेल्या राशिचक्राची नक्कल केली होती. शिपायांनी मापं घेतली नाहीत. त्या काळच्या इंग्रजांच्या आठवणींत लिहिलंय, की हे लोक आत शिरले, आपलेच देव दिसल्यासारखे भक्तीनं नमस्कार करू लागले, आणि देऊळ असं मोडकळीला येऊ दिल्याबद्दल गावकऱ्यांवर रागावलेही.

शतकानुशतकं तिथे कुणी हात जोडले नव्हते. ती लिपी वाचणारं जगात एकही माणूस नव्हतं. शांपोलियों या फ्रेंच पंडिताला ती उलगडली 1822 साली. शिपायांना ना देवीचं नाव ठाऊक, ना तिची गोष्ट. गाईच्या कानांची आई दिसली, एवढ्यावर ते वाकले. त्या दिवसापुरती ती गोष्टीतली राहिली नव्हती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून धाकट्याला सांग, की होतात, देव गोष्टीतले होतात, आपलेही होऊ शकतील. त्याला कुठला कायदा नाही आणि कुठलं अभयही नाही. फिलीला शेवटच्या दिवशीसुद्धा लोकांना देवीची गोष्ट येत होती. तिला उठवणारे, न्हाऊ घालणारे हात तेवढे उरले नाहीत. तो विचारतोय हे मला चांगलंच वाटतं. त्याला गप्प करू नका, पण दिव्याची वात करायला जवळ बसवा.

गेल्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, की आपला कुलाचार एकदा नीट सांग, मी वहीत उतरवून घेते. चैत्रगौरीचा, बोडणाचा, सगळा. आता ते नको. एस्मेटनंही कायमसाठीच कोरून ठेवलं होतं, आणि ते टिकलंही. चौदाशे वर्षं कुणाला वाचता आलं नाही. मी चैत्रात रजा काढून आठ दिवस येते. झोपाळा मी बांधीन, गौरीचं न्हाऊ-माखू माझ्या हातून करून घे, चुकलं की सांग. डाळीला कैऱ्या झाडावरच्याच ठेव, बाजारातल्या नकोत.

उद्या रात्रीच्या गाडीनं कैरोला निघते. बाबांना नमस्कार, धाकट्याला गोड पापा.

तुझी,
सुमा