बुरशीवर बुरशी आणि तिचा भाव
मका व भुईमूग या पिकांवर वाढणारी ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते, दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते आणि धान्य शिजवले तरी पुरते नाहीसे होत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत असा मका खाऊन शंभराच्या आसपास माणसे दगावली, तर २००४ मध्ये पूर्व केनियात ३१७ रुग्णांपैकी १२५ जण मृत्यू पावले.

या बुरशीचे काही वाण मात्र निर्विष असतात, आणि जैविक नियंत्रणाचा सारा पाया हाच आहे. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने अमेरिकी कृषी खात्याच्या सहकार्याने विकसित केलेल्या ‘अफ्लासेफ’मध्ये, उगवण्याची क्षमता मारलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर स्थानिक निर्विष वाणांचे बीजाणू चढवलेले असतात. असे दाणे फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी दहा किलो या प्रमाणात शेतात फोकले, की निर्विष बुरशी आधी जागा बळकावते आणि विषारी बुरशीला वाव उरत नाही. विषाचे प्रमाण बहुधा ऐंशी टक्क्यांहून अधिक घटते.

शेतकरी यासाठी किती पैसे मोजील, हा प्रश्न त्यामुळे शास्त्राकडून अर्थशास्त्राकडे येतो. नुसते विचारले तर उत्तर सढळ मिळते, कारण तोंडी आकड्याला खिशातून काही जात नाही. म्हणून काही अभ्यासांत शेतकऱ्याने आपली कमाल किंमत आधी सांगायची, नंतर चिठ्ठी काढून भाव ठरवायचा, आणि तो भाव सांगितलेल्या किमतीइतका किंवा तिच्याहून कमी निघाला तर त्याच भावाने माल घेणे बंधनकारक, अशी रीत वापरली जाते, जिच्यात खोटे सांगून कोणाचाच फायदा होत नाही.

सांगितलेली किंमत कमी निघाली की ‘जागृतीचा अभाव’ हे निदान सवयीने केले जाते, पण ते अर्धवट आहे. विष डोळ्यांना दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही, त्यामुळे बाजारात उपचार केलेला व न केलेला मका एकाच ढिगात, एकाच भावाने जातो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी मांडलेला युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू पडतो, कारण ग्राहकाला गुण ओळखता येत नसेल तर गुणाचा दाम विक्रेत्यालाही मिळत नाही. शिवाय खर्च अशा वेळी करावा लागतो, जेव्हा पीक उभे असते आणि हात रिकामा असतो. बीजाणू वाऱ्याने शेजारच्या रानात जातात, काही अंशी पुढच्या हंगामापर्यंत टिकतात, आणि त्या लाभाचे पैसे कोणी देत नाही. घरच्या कणग्यात जाणाऱ्या मक्यापुरता तरी स्वार्थ उरतो. विकाऊ मक्याबाबत तोही नाही.

नायजेरियात ‘अ‍ॅगरिझल्ट्स’ या प्रकल्पाने म्हणूनच शेतकऱ्याला उपदेश न करता, लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून उपचारित मका गोळा करणाऱ्या संस्थांना प्रतिटन प्रोत्साहन रक्कम दिली. या मक्याला चढा भाव देणाऱ्यांत कोंबडीखाद्य तयार करणारे उद्योग ठळक होते, आणि त्यात नवल नाही: दूषित खाद्याने पक्ष्यांची वाढ खुंटते, अंडी घटतात, आणि हे नुकसान हिशेबाच्या वहीत लगेच उमटते, तर माणसाच्या यकृताचे नुकसान उमटायला अनेक वर्षे जातात.