घाटातली पहाट

धर्मगुरूला लोक विश्वासाने बरेच काही सांगतात, आणि त्याहूनही अधिक त्याच्याकरवी दुसऱ्याला सांगू पाहतात. पहिल्या प्रकारची ओझी कशी वाहावीत याचे शिक्षण सेमिनरीत मिळाले. दुसऱ्या प्रकारच्या निरोपांचे काय करावे, हे कोणी शिकविले नाही. २०१२ सालच्या जानेवारीत असाच एक निरोप मनात घेऊन आम्ही वसईहून नाशिकला गेलो होतो. ज्या पतिपत्नींची ही हकिकत आहे त्यांना विचारूनच ती लिहीत आहोत. नावे मात्र देत नाही. वसईत नाव कळले की घर कळते, आणि घर कळले की घरामागची विहीरही कळते.

तो टर्नर होता. वसई पूर्वेच्या ज्या कारखान्यात त्याने चौदा वर्षे काढली, तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून चुलतभावाची जुनी मारुती व्हॅन तो भाड्याने चालवीत असे. सकाळी शाळेची मुले, लग्नसराईत वऱ्हाडी. ती प्रशिक्षित परिचारिका. मुलीच्या जन्मानंतर तिने नोकरी सोडली होती. नाशिकजवळच्या एका निवासी शाळेला आजारी मुलांच्या देखभालीसाठी परिचारिका हवी होती. तिने अर्ज केला आणि मुलाखतीचे पत्र आले. शाळेच्या आवारातच दोन खोल्यांचे घर आणि मुलीला फीमध्ये सवलत. सर्व काही त्या पत्रात होते. त्याच्यासाठी मात्र एक ओळही नव्हती.

नाशिकला आमचा सेमिनरीतला एक सोबती आजारी होता. त्याला भेटण्याचे बरेच दिवस मनात होते. ‘फादर, गाडी जातेच आहे, मागची सीट रिकामी आहे,’ असे तो म्हणाला, आणि आम्ही होकार दिला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची आई बंगल्यावर आली. (हे कुमसारातले बोलणे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ती व्हरांड्यात उभी राहून बोलत होती आणि आमचा स्वयंपाकी तिथेच तांदूळ निवडत बसला होता.) आमची बोली वाडवळी, तिची सामवेदी, पण तिचे म्हणणे कळायला बोलीची अडचण नव्हती. केळीची बाग कोण शिंपणार? विहिरीचे पाणी आधीच मचूळ होत चालले आहे, उपसा थांबला तर ते कायमचे गेले. बापजाद्यांच्या मातीला कुलूप लावून कोणी जाते का? तुम्ही वाटेत चार शब्द बोला, तुमचे तो ऐकेल. आम्ही बोलतो म्हणालो. अशा वेळी धर्मगुरू सहसा बोलतोच म्हणतो. म्हातारी फाटकापर्यंत गेली, आडणा सरकवला आणि पाठ न वळविता म्हणाली, ‘रात्री दुखलं-खुपलं तर हाक कोणाला मारायची?’ मग गेली.

पहाटे साडेतीनला निघालो. मुलाखत साडेदहाची. अंतर सुमारे १७० किलोमीटर; पण चिंचोटी ते भिवंडी हा रस्ता किलोमीटरमध्ये मोजण्याचा नव्हेच, तो खड्ड्यांत मोजायचा. व्हॅनची डावी काच पुरती वर चढत नव्हती. त्या फटीत तिने वर्तमानपत्राची घडी कोंबली होती. वसईकरांना थंडी ठाऊक नाही. समुद्रकाठच्या माणसाचा हिवाळा म्हणजे पहाटेच्या मिस्सेला खांद्यावर घेतलेली शाल. पडघा सोडले तशी बोटे आखडू लागली, आणि शहापूरच्या पुढे आमची कानटोपी, जी घेतल्याबद्दल तो निघताना हसला होता, ती त्याने मागून घेतली.

तिघांच्या श्वासाने समोरची काच आतून धुरकट होई. ती दर दोन मिनिटांनी रुमालाने त्याच्यापुढची काच पुसे. शेवटी तो म्हणाला, ‘तो पेपर काढ. बाहेरची हवा आत आल्याशिवाय काच स्वच्छ राहणार नाही.’ तिने कागद काढला. वारा सुरीसारखा आत आला, आणि काच खरोखर निवळली. त्यानंतर इगतपुरीपर्यंत आम्ही तिघे कुडकुडत, पण दिसणाऱ्या रस्त्याने गेलो.

विवाहपूर्व शिबिरांत पतिपत्नींनी एकमेकांकडे पाहून बोलावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्या पहाटे आमचा हा पाठ जरा डळमळला. गाडीत पुढे बसलेली दोन माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत, दोघांची दृष्टी रस्त्यावर असते, आणि म्हणूनच की काय, एरवी ओठांवर न येणारे शब्द सहज बाहेर पडतात. कुमसारखान्याच्या जाळीचा उपयोग तरी दुसरा काय आहे? मागे कोणी बसले आहे याचा दोघांना विसर पडला होता. चुलतभावाचे राहिलेले भाडे, तिची मोडलेली बांगडी, मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा, असे एकेक निघत होते. भांडण नव्हते ते. पण गोड बोलणेही नव्हते. आम्ही झोपेचे सोंग घेतले. बोलण्याची संधी शोधत होतो, असे स्वतःला सांगत होतो; खरे तर संधी येऊ नये असेच वाटत होते.

कसाऱ्याखाली एका टपरीवर चहा घेतला. दऱ्यांवर अजून अंधार होता आणि एक मालगाडी घाट चढत होती. लोहमार्ग या थळ घाटातून १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत पोचला. ३७ फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ आहे, आणि तो चढण्यासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात आणि तिथे सुटतात. त्याने हे सारे आम्हाला समजावून सांगितले. यंत्राचा विषय निघाला की त्याचा चेहरा उजळे; दोन वर्षांत आम्ही तो तसा पाहिला नव्हता. ती ग्लासाभोवती तळवे धरून ऐकत होती. म्हणाली, ‘मग गाडी कोणाची म्हणायची? पुढच्या इंजिनाची का मागच्या?’ तो काही बोलला नाही. आमच्या मनात मात्र तत्काळ प्रवचन जुळू लागले. त्याने ते ओळखले असावे, कारण चहाचे पैसे देता देता तो म्हणाला, ‘फादर, येत्या रविवारी हे इंजिन वेदीवर येणार म्हणा की!’ ते इंजिन त्या रविवारी आले नाही. आज इतक्या वर्षांनी या पानावर येत आहे.

इगतपुरी मागे टाकून घोटीच्या दिशेने जात असता मागचे चाक बसले. उजाडू लागले होते. कापणी होऊन गेलेली भातखाचरे, त्यांवर धुक्याचा पांढरा थर, आणि दूर कोणीतरी पेटविलेली शेकोटी. त्याने जॅक लावला, पण बोटे बधिर झाल्यामुळे पाना नटावर बसेना. तिने साडीचा पदर खोचला आणि टॉर्च धरला. आम्ही स्टेपनी काढून दिली, एवढेच आमचे कर्तृत्व. नट पिळता पिळता तो तिला प्रश्न विचारू लागला. मुलाखतीचा सराव म्हणे.

‘रात्री दोनला मुलाला १०३ ताप आला. काय करशील?’

तिने सांगितले. ओल्या फडक्याने अंग पुसणे, औषध, डॉक्टरला फोन, तासागणिक नोंद. आवाजात इतक्या वर्षांचा खंड कोठेही जाणवला नाही.

‘दोन मुलांना एकदम उलट्या झाल्या तर?’

तेही तिने सांगितले. आधी स्वयंपाकघर पाहीन म्हणाली.

तिसरा नट घट्ट झाला. त्याने मान वर केली नाही. ‘आणि नवरा काय करतो म्हणून विचारलं तर?’

टॉर्चचा प्रकाश चाकावर स्थिर होता. रस्त्यावरून कांद्याचा एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने व्हॅन हलली. ‘सांगेन, गाडी चालवतो,’ ती म्हणाली. ‘आणि मला इथवर त्यानंच आणलं, हेही सांगेन.’ त्याने उरलेले नट कसले, हात चोळले आणि आपल्या मळक्या फडक्याने तिच्या पायावर उडालेला ग्रीसचा डाग पुसू लागला. डाग पसरला. दोघे हसली. आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन शेकोटीकडे पाहत उभे राहिलो.

पांडवलेणीचा डोंगर दिसला तेव्हा नऊ वाजून गेले होते. वेळेवर पोचलो. ती आत गेली आणि आम्ही दोघे पुरुष आवारातील बाकावर उन्हात बसलो. मुले रांगेने वर्गात चालली होती, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. बराच वेळ तो ती मुले पाहत होता.

‘आईनं तुम्हाला सांगितलं असेल काहीतरी,’ तो एकाएकी म्हणाला. ‘घाटापासून वाट पाहतोय. बोलून टाका फादर, म्हणजे आपण दोघं मोकळे.’

आम्ही शरमलो. आणि शरमलेला माणूस हातात येईल ते बोलतो. आम्ही बागेचे बोललो, विहिरीचे बोललो. तो मान डोलवीत राहिला, ते त्याला सारे पाठ होते. उठून जाईल असे वाटले, तेव्हा आम्ही फाटकापाशी ऐकलेले ते वाक्यही सांगितले. रात्री दुखलं-खुपलं तर हाक कोणाला मारायची, ते.

‘असं म्हणाली?’ त्याने विचारले. ‘मला कधी बोलली नाही.’

म्हातारीने निरोप दिला होता तो बागेचा आणि विहिरीचा. ते शेवटचे वाक्य तिने आम्हाला निरोप म्हणून दिले होते की ते आपसूक निसटले होते, याचा विचार आम्ही त्या बाकावर केला नाही. पुढे पुष्कळदा केला.

ती बाहेर आली ती हसतच. जूनपासून या, असे त्यांनी तोंडीच सांगितले होते. पत्र मागाहून आले. परतीच्या वाटेवर ती बोलत होती, तो ऐकत होता. आम्ही सोबत्याकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने परतलो. सोबती बरा होता. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे एवढेच.

जूनमध्ये ती मुलीला घेऊन नाशिकला गेली. तो गेला नाही. आई आहे तोवर मी इथे, असे त्याने ठरविले, आणि ते इतके शांतपणे ठरविले की कोणाला वाद घालता येईना. चार वर्षे तो शनिवारी दुपारी मुलांची शेवटची फेरी आटोपून नाशिकला निघे आणि रविवारी रात्री परते. कधी भाडे असले की तोही शनिवार जाई. मुलगी सातवरून अकरा वर्षांची झाली, ती बव्हंशी आईजवळ. एका हिवाळ्यात तिला कावीळ झाली, तेव्हा तो तीन दिवस उशिरा पोचला, कारण इकडे म्हातारी अंगणात पडली होती. २०१६ च्या पावसाळ्यात म्हातारी गेली. रात्री गेली, आणि तिने हाक मारली तेव्हा तो शेजारच्या खोलीत होता. महिन्याभरात बाग खंडाने देऊन तो नाशिकला गेला. आता त्याच शाळेची बस चालवितो.

त्या सुमारास आमची बदली झाली होती. काही वर्षांनी नाशिकला गेलो असता त्यांच्या घरी उतरलो. तो बस घेऊन गेला होता. तिने चहा ठेवला, मुलीचे गुणपत्रक दाखविले, आणि कपबशी हाती देताना, रागाने नव्हे, अगदी घरच्या आवाजात विचारले, ‘फादर, त्या दिवशी बाकावर तुम्ही गप्प बसला असता, तर?’

आम्ही म्हणालो, ‘तर म्हातारी एकटी गेली असती.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘तेही खरंच. पण माझी चार वर्षं तुम्ही कुठे मोजलीत?’

आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. ती साखर आणायला आत गेली, वास्तविक साखर टेबलावरच होती.

नाताळात ती तिघे वसईला येतात. मुलगी आता नर्सिंग शिकते. इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा झाला आहे. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा तो शेवटचा टप्पा खुला झाला, आणि कसाऱ्याचा घाट टाळून झटकन खाली उतरता येते. तो मात्र जुन्या घाटानेच येतो आणि त्या टपरीवर चहाला थांबतो. टोल वाचतो, असे त्याचे म्हणणे आहे.